माउसने चौकट ओढायची, ती कुठवर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते कळेल. तुम्ही ठाण्यात एम.एस्सी. करताय. प्रबंधासाठी तिबोटी खंड्या या पक्ष्याचा संभाव्य अधिवास नकाशावर दाखवायचाय. हाताशी ६३ नोंदी आहेत: येऊर, कर्नाळा, फणसाड, चिपळूणच्या आसपासच्या, थोड्या सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या. सॉफ्टवेअर नकाशा उघडतं, 'अभ्यासक्षेत्र निवडा' म्हणतं, तुम्ही माउसने चौकट ओढता आणि पुढे जाता. ठाणे-नवी मुंबईपुरती चौकट ओढली तेव्हा एयूसी, म्हणजे मॉडेलला मिळणारा गुणांक, ०.६८ आला. वैतागून चौकट थेट सोलापूरपर्यंत नेली तर ०.९४. मार्गदर्शकांना मोठा आकडा आवडला. मैत्रीण म्हणते, विषयच 'ठाणे आणि नवी मुंबई' आहे, तर चौकट त्याबाहेर जाईलच कशी? आणि तुम्हाला धास्ती अशी की तोंडी परीक्षेत कुणी 'हीच चौकट का?' विचारलं तर काय सांगायचं.

धास्ती रास्त आहे. चौकट बदलली की आकडा बदलतो, हे तुमच्या वेळेत लक्षात आलं. पुष्कळांना प्रबंध बांधून आल्यावरही येत नाही.

मैत्रीण आणि मार्गदर्शक दोघांचंही म्हणणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण एकच आहे. तुम्ही एकाच चौकटीकडून दोन कामं करून घेताय. एक, मॉडेलने, म्हणजे नोंदींवरून अधिवासाचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामने, कुठल्या मुलखातून शिकायचं. दोन, शेवटी नकाशा कुठल्या भागाचा छापायचा. ही दोन क्षेत्रं वेगळी असू शकतात, आणि तुमच्या बाबतीत ती वेगळी असायलाच हवीत. छापायचा नकाशा ठाणे-नवी मुंबईचाच ठेवा, मैत्रिणीचा मान राहील. शिकायचा मुलूख मात्र पक्षी ठरवेल, विद्यापीठाकडे नोंदवलेलं शीर्षक नाही.

असं मॉडेल करणाऱ्या मॅक्सएंट या सॉफ्टवेअरला पक्षी कुठे नाही हे ठाऊक नसतं. तुम्ही देता त्या फक्त 'दिसला'च्या नोंदी. मग ते तुमच्या चौकटीतून, मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर दहा हजार, पिक्सेल, म्हणजे नकाशाचे छोटे चौकोन, कुठूनही उचलतं (यांनाच पार्श्वभूमी म्हणतात) आणि विचारतं: या सर्वसाधारण जागांपेक्षा पक्ष्याच्या जागा कशात वेगळ्या आहेत? म्हणजे चौकट ओढताना तुम्ही तुलना कुणाशी करायची तेच ठरवत असता. देवगडच्या हापूसची पारख रत्नागिरीच्या हापूसशेजारी ठेवून होते. बटाट्याशेजारी ठेवला तर कुणीही ओळखेल, आणि ओळखणाऱ्याला आंब्यातलं काही कळतं असंही त्यातून सिद्ध होत नाही.

तुमचा ०.९४ हा बटाट्याशेजारचा आकडा आहे. एयूसीचा साधा अर्थ असा: एक पक्ष्याची जागा आणि एक पार्श्वभूमीतली जागा चिठ्ठी टाकून उचलली, तर शंभरपैकी किती वेळा मॉडेल पक्ष्याच्या जागेला जास्त गुण देईल. एका हातात कर्नाळा आणि दुसऱ्या हातात पंढरपूरजवळचा माळ आला, तर नुसत्या पावसाच्या आकड्यावरून निकाल लागतो. पार्श्वभूमीत असे माळ जितके जास्त, तितका आकडा फुगतो. मॉडेल हुशार झालेलं नसतं, प्रश्नपत्रिका सोपी झालेली असते. म्हणून वेगवेगळ्या चौकटींचे एयूसी एकमेकांशेजारी ठेवून 'हा जास्त चांगला' असं म्हणताच येत नाही. मार्गदर्शकांना हे नम्रपणे सांगा, आणि सांगताना पावसाचा नकाशा समोर ठेवा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून फार लांब नसलेल्या पूर्वेकडच्या गावांत हजाराच्या आत. इतका तीव्र उतार चौकटीत आला की बाकीचे सगळे घटक त्यापुढे फिके पडतात.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका कामासाठी मी कारवीचा नकाशा केला होता. आर या संगणकभाषेत नकाशा उघडला, दोन क्लिकमध्ये चौकट ओढली, डावा कोपरा अरबी समुद्रात, उजवा कुठेतरी मराठवाड्यात. एयूसी ०.९७. मी खूश. नकाशा घेऊन एका ज्येष्ठ वनस्पतितज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नकाशा डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "वाशीच्या सेक्टर सतरामध्ये कारवी कुठे पाहिलीस रे?" खरंच, सेक्टर सतरा लालभडक, म्हणजे कारवीला अगदी योग्य, दाखवला होता. तळोज्याची एमआयडीसीही. मॉडेलने शिकलेलं एवढंच होतं की कोकणात पाऊस जास्त आणि कारवी कोकणाच्या बाजूला असते. उतार, झाडोरा, जांभा की बेसाल्ट, यातलं काही शिकायची त्याला गरजच पडली नव्हती.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढची. दुरुस्ती करायला बसलो, तर जुनी चौकट मला परत काढता येईना. क्लिक हाताने केले होते, आकडे कुठेच लिहिले नव्हते. दोन संध्याकाळी मी जुन्या नकाशाच्या कडा पट्टीने मोजत बसलो होतो. तेव्हापासून माझा नियम आहे: चौकट माउसने ओढायची ती नजरेला अंदाज यावा म्हणून, काम करायचं ते लिहून ठेवलेल्या आकड्यांवर.

आता शिकायचा मुलूख कसा ठरवायचा, यावर येतो. या क्षेत्रातली जुनी आणि अजूनही सर्वांत कामाची मांडणी सोबेरॉन आणि पीटरसन यांची, २००५ ची. एखादा जीव एखाद्या ठिकाणी असतो तो तीन गोष्टी जुळल्या तर: हवामान-जमीन मानवते, बाकीचे जीव त्याला राहू देतात, आणि तो तिथवर पोचू शकतो. यातल्या तिसऱ्या गोष्टीवर नारायणी बर्वे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. आडनाव पाहून पहिल्यांदा वाचताना मला उगाच बरं वाटलं होतं. त्या लेखाचं सार असं की मॉडेलला तुलनेसाठी दाखवायचा मुलूख म्हणजे तो जीव आपल्या पायांनी, पंखांनी किंवा बियांनी जिथवर पोचू शकला असता तो. जिथवर पोचलाच नाही, तिथे तो 'नाही' यातून मॉडेलने त्याच्या आवडीनिवडीबद्दल काही शिकायचं नसतं. पंढरपूरच्या माळावर तिबोटी खंड्या नाही हे खरं, पण त्याने तो माळ पाहून नाकारला असं थोडंच आहे?

म्हणून 'चौकट किती मोठी?' याला एक ठरलेलं उत्तर नाही. जीव कोणता, यावर सगळं. २००९ मध्ये कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलापर्यंत आला, हे ठाण्यात सगळ्यांना माहीत आहे. बिबट्याचं मॉडेल करणाऱ्याने येऊरभोवती चौकट ओढली तर ती हास्यास्पदच होईल, माळशेज आणि त्यापलीकडचं जुन्नर आत हवंच. उलट मातीत राहणारा देवगांडूळ घ्या. त्याच्यासाठी ठाण्याची खाडी म्हणजे भिंत. येऊरचे डोंगर एका बाजूला आणि पारसिकचा डोंगर दुसऱ्या बाजूला, मधे खारं पाणी आणि खारफुटी. सरळ अंतर मोजलं तर जेमतेम काही किलोमीटर, पण त्या जीवासाठी दोन वेगळी जगं. पक्ष्याला अर्थात या खाडीचं काहीच वाटत नाही.

तिबोटी खंड्या त्यात आणखी एक गुंता घालतो. आपल्याकडे तो पावसाबरोबर येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो आणि पावसाळा सरला की दिसेनासा होतो. तुमच्या नोंदींच्या तारखा लावून पाहा, बहुतेक सगळ्या जून ते सप्टेंबरमधल्या असतील. म्हणजे तुम्ही काढताय तो 'तिबोटी खंड्याचा अधिवास' नाही, त्याच्या विणीच्या हंगामातला अधिवास आहे. प्रबंधाच्या शीर्षकात तसं लिहा. आणि वार्षिक सरासरी तापमानापेक्षा त्या चार महिन्यांचे थर, म्हणजे हवामानाचे नकाशे, वापरा. वर्ल्डक्लिम या हवामानाच्या नकाशासंचात दर महिन्याचे वेगळे मिळतात.

जाती म्हणून हा पक्षी श्रीलंका, ईशान्य भारत आणि पार आग्नेय आशियापर्यंत आहे. तो सगळा मुलूख घ्यायची गरज नाही. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर विणीला येणारे पक्षी जिथे फिरू शकतात, तेवढं पुरे. पण गोव्याच्या सीमेवर थांबूही नका. तुमच्या नोंदी गोव्यापर्यंतच आहेत, कारण तुम्ही डाउनलोड करताना तिथवरच राज्यं निवडली. पक्षी तिथे थांबत नाही. कारवार आणि त्याखालच्या घाटातल्या नोंदी जीबीआयएफ या जीवनोंदींच्या संकेतस्थळावरून घ्या, चौकट तितकी खाली जाऊ द्या. अर्ध्याच मुलखातल्या नोंदी दिल्या तर मॉडेलला पक्ष्याची सहनशक्तीही अर्धीच दिसते.

इथे चौकटीची मूळ अडचण उभी राहते. चौकट सरळ असते आणि कोकण तिरकं. उदाहरणादाखल वसईपासून उत्तर गोव्यापर्यंतचा आयत काढा: रेखांश साधारण ७२.६ ते ७४.३, अक्षांश १५.५ ते १९.६. आता त्यात आणखी काय आलं ते पाहा. पुणे आलं, सातारा आलं, कराड आणि कोल्हापूर शहरही आलं. पश्चिमेचा मोठा भाग नुसता समुद्र. घाटापलीकडचा कोरडा पट्टा मागच्या दाराने परत आत शिरला, म्हणजे बटाटे परत आले. त्यामुळे कोकणपट्टीत काम असेल तेव्हा आयत फक्त थर कापून घेण्यापुरता वापरायचा आणि खरं क्षेत्र बहुभुजाने ठरवायचं.

मी तो असा काढतो. सगळ्या नोंदी नकाशावर टाकायच्या. प्रत्येकीभोवती ५० किलोमीटरचं वर्तुळ काढायचं आणि वर्तुळं एकत्र विरघळवायची. पश्चिमेला किनाऱ्यावर कापायचं. पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यावर न कापता माथ्यापलीकडे १५ किलोमीटरवर कापायचं, कारण भीमाशंकर, मुळशी, महाबळेश्वरकडचं दाट जंगल माथ्याला लागूनच पलीकडे पसरलेलं आहे आणि पक्ष्याला तिथे जायला कुणी अडवलेलं नाही. ५० का, १५ का? हा माझा अंदाज आहे, पक्ष्याच्या वागण्यावरून बांधलेला, आणि अंदाज आहे असंच लिहायचं. फार जवळची पार्श्वभूमी घेतली तर मॉडेलला फरकच दिसत नाही, फार लांबची घेतली तर नको तोच फरक दिसतो. मधला पट्टा बऱ्यापैकी रुंद असतो.

वॉलेस हा मॉडेलिंगचा प्रोग्राम वापरत असाल तर हे काम त्यात बटणांवर होतं. पार्श्वभूमीसाठी तो आयत, नोंदींना वेढणारा बहिर्वक्र बहुभुज आणि नोंदींभोवतीची वर्तुळं असे पर्याय देतो, शिवाय स्वतःची शेपफाइल, म्हणजे नकाशावरच्या हद्दीची फाइलही घेतो. एक सांभाळा, वर्तुळाचं अंतर तो अंशांत मागतो. आपल्या अक्षांशावर एक अंश उत्तर-दक्षिण साधारण १११ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम साधारण १०५. म्हणजे ५० किलोमीटरसाठी ०.४५ च्या आसपास. त्या खान्यात सवयीने ५० टाइप केलं तर वर्तुळ आफ्रिकेत पोचेल. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा आरमध्ये करत असाल तर आधी नोंदी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात आणा, मग मीटरमध्ये वर्तुळं काढा, आणि परत अक्षांश-रेखांशांत न्या.

आता प्रत्यक्ष माउसबद्दल. आरच्या रास्टर पॅकेजमध्ये चौकट ओढायला ड्रॉ-एक्स्टेंट होतं, टेरा पॅकेजमध्ये नुसतं ड्रॉ आहे. आयतासाठी दोन विरुद्ध कोपऱ्यांवर क्लिक, बहुभुजासाठी एकेक क्लिक करत फिरून यायचं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के होतं आणि आर-स्टुडिओच्या प्लॉटच्या खान्यात मी क्लिक करायचो अर्नाळ्यावर, कोपरा पडायचा डहाणूकडे. असं काही होत असेल तर डोक्याला ताप करून घेऊ नका, नकाशा वेगळ्या खिडकीत उघडा आणि तिथे क्लिक करा. क्लिक केल्याबरोबर जे चार आकडे येतात ते छापून घ्या, दोन दशांशांपर्यंत गोल करा आणि कोडमध्ये हाताने लिहा. पुढच्या वेळी कोड चालेल तो त्या आकड्यांवर. ७२.६१३८४७ ला काही अर्थ नसतो, तो तुमच्या बोटाच्या थरथरीचा आकडा आहे. ७२.६० ला असतो.

आकड्यांचा क्रमही बघा. टेराला आधी दोन्ही रेखांश हवे असतात, मग दोन्ही अक्षांश. आरचंच एसएफ पॅकेज मात्र चौकट सांगताना खालचा-डावा कोपरा आधी सांगतं, मग वरचा-उजवा. लीफलेट या वेब-नकाशाच्या साधनात अक्षांश आधी. एकाचे आकडे दुसऱ्यात चिकटवले की चौकट उलटीपालटी होते. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर ठाणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं. तो निदान दिसणारा घोळ आहे. न दिसणारे जास्त छळतात.

तसा एक न दिसणारा: क्रॉप आणि मास्क यांतला फरक. क्रॉप बहुभुजाच्या बाहेरच्या कडांवर आयतच कापतं. बहुभुजाबाहेरचे पिक्सेल रिकामे करायचं काम मास्क करतं. पहिलं करून दुसरं विसरलात, तर इतक्या निगुतीने काढलेला बहुभुज वाया गेला आणि मॉडेल पुन्हा कोल्हापुरात. दुसरा: समुद्र. वर्ल्डक्लिममध्ये समुद्र रिकामा असतो, त्यामुळे मॅक्सएंट तिथून पिक्सेल उचलत नाही. पण उंचीच्या काही थरांत समुद्र शून्य मीटर म्हणून भरलेला असतो, आणि तो नुसताच वापरला तर हजारो पार्श्वभूमी पिक्सेल अरबी समुद्रात बुडतात. सगळे थर एकाच मास्कने कापा. मॅक्सएंटच्या मूळ जावा आवृत्तीला तर सर्व थरांची चौकट आणि पिक्सेलचा आकार तंतोतंत सारखा लागतो, नाहीतर ते सरळ अडून बसतं.

आता मैत्रिणीच्या मुद्द्याकडे, म्हणजे 'ठाणे आणि नवी मुंबई'कडे. हे म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही ठरवलंय का? १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेवर आधारलेली शेपफाइल उतरवली असेल तर तिच्यातलं 'ठाणे' डहाणू-तलासरीपर्यंत जातं. नवी मुंबईची गंमत आणखी वेगळी. वाशी, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. सिडकोच्या नकाशातली नवी मुंबई वेगळी, महापालिकेच्या हद्दीतली वेगळी. कर्नाळा अभयारण्य तर थेट रायगडात, पण तुमच्या नोंदींचा मोठा गठ्ठा तिथलाच. छापायच्या नकाशासाठी मी हद्दींच्या भानगडीत न पडता साधा आयत घेईन: रेखांश ७२.८ ते ७३.३, अक्षांश १८.८ ते १९.३५. येऊर, पारसिक, खारघरचे डोंगर, माथेरान, कर्नाळा सगळं त्यात येतं. इथे आयत चालतो, कारण इथे मॉडेल काही शिकत नाही, फक्त शिकलेलं दाखवतं. आणि हा आयत आधीच शिकलेल्या मुलखाच्या आत असल्यामुळे मॉडेलला न पाहिलेल्या हवामानात उडी मारावी लागत नाही.

ठाण्यापुरत्या चौकटीत शिकवण्यातली दुसरी अडचण हिशेबाने दाखवतो. वर्ल्डक्लिमचा सर्वांत बारीक पिक्सेल ३० सेकंदांचा. आपल्याकडे तो साधारण ०.९३ किलोमीटर उंच आणि ०.८८ किलोमीटर रुंद, म्हणजे ०.८ चौरस किलोमीटरच्या जरा वर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०३ चौरस किलोमीटरचं, त्याचे सव्वाशेच्या आसपास पिक्सेल होतात. कर्नाळा सुमारे १२ चौरस किलोमीटर, म्हणजे पंधरा पिक्सेल. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जेमतेम १७, म्हणजे एकवीस. येऊरच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला पाऊस-तापमानात असा काय फरक असणार की मॉडेलने त्यातून काही शिकावं? आणि छोट्या चौकटीत तुमच्या ६३ पैकी किती नोंदी उरल्या होत्या, तेही पाहा. चिपळूण आणि फणसाडच्या नोंदी सॉफ्टवेअरने मुकाट्याने बाहेर टाकल्या असणार. ०.६८ आला यात मॉडेलचा दोष नाही.

शिवाय वर्ल्डक्लिमची सरासरी १९७० ते २००० ची आहे. सिडकोची स्थापनाच १९७० ची, म्हणजे त्या सरासरीत नवी मुंबई अजून उभी राहत होती. तुमच्या नोंदी बहुधा गेल्या दहा वर्षांतल्या. हवामानापुरतं हे चालवून घेता येतं. पण बांधकाम आणि झाडोऱ्याचे थर मात्र अलीकडचेच हवेत, नाहीतर खारघरमध्ये जिथे इमारती उभ्या आहेत तिथे मॉडेल ओढा दाखवेल. खरं तर हा पक्षी ज्या दरडीत बीळ करतो ती जेमतेम काही मीटरांची. ती एक किलोमीटरच्या पिक्सेलला दिसणारच नाही. म्हणून मी दोन टप्पे सुचवेन. पहिला, सगळ्या पश्चिम उतारावर हवामानाचं मॉडेल. दुसरा, ठाणे-पनवेलच्या आयतात सेंटिनेल उपग्रहाच्या १० मीटरच्या चित्रांवरून झाडोरा आणि उंचीच्या थरावरून ओढ्यांपासूनचं अंतर. वेळ कमी असेल तर दुसरा टप्पा सोडा, पण मग 'या ओढ्यावर पक्षी असेल' असं काही लिहू नका.

क्षेत्र ठरवण्याआधी नोंदी तपासायला हव्या होत्या, ते मी मागून सांगतोय. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या हॉटस्पॉटचा पॉइंट म्हणजे पक्षी बसला ती फांदी नव्हे, ती कुणीतरी नकाशावर टोचलेली एक टाचणी. कर्नाळ्याच्या तुमच्या वीस-पंचवीस नोंदी एका-दोन पिक्सेलमध्ये रचलेल्या सापडतील. प्रत्येक पिक्सेलमध्ये एकच ठेवा. आयनॅचरलिस्ट या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर कुणी जागा लपवून नोंद केली असेल तर दिसणारा पॉइंट ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही असू शकतो, आपल्याकडे म्हणजे वीसेक किलोमीटर इकडे-तिकडे. अशा नोंदी काढून टाका. एखादी खाडीच्या मधोमध पडलेली दिसली तर बहुतेक तीच असते.

आणि पक्षीनिरीक्षक रविवारी सकाळी जिथे गाडी जाते तिथेच जातात. येऊरचा पाटोणापाड्याकडचा रस्ता, कर्नाळ्याची पायवाट. मॉडेल मग पक्ष्याची आवड शिकतं की पक्षीनिरीक्षकांची, हा प्रश्न राहतोच. त्यावर मी वापरतो तो उपाय: पार्श्वभूमीचे पिक्सेल कुठूनही न उचलता, त्याच मुलखात त्याच चार महिन्यांत लोकांनी इतर कोणतेही जंगलपक्षी नोंदवले, त्या जागांवरून उचलायचे. म्हणजे माणसं जिथे गेली त्याच जागांमध्ये तुलना होते. काम वाढतं, पण तुमच्या पक्ष्यासाठी मला ते सर्वांत जास्त फायद्याचं वाटतं.

एवढं झालं की तीन क्षेत्रांवर मॉडेल चालवा: २५, ५० आणि १०० किलोमीटरची वर्तुळं. तिन्ही नकाशे ठाणे-पनवेलच्या आयतात शेजारी-शेजारी लावा. एयूसी पाहू नका, नकाशे पाहा. येऊर, कर्नाळा आणि माथेरानचा पायथा तिन्हींत ठळक येत असेल तर निश्चिंत व्हा. एखादा भाग फक्त १०० किलोमीटरला लाल होत असेल, तर तो चौकटीचा प्रताप समजा आणि तसं लिहा.

म्हणजे क्रम असा: नोंदी साफ करा, मोठा आयत माउसने ओढून थर कापून घ्या आणि आकडे लिहून ठेवा, वर्तुळांचा बहुभुज करून मास्क करा, मॉडेल शिकवा, मग ठाणे-पनवेलच्या आयतात दाखवा. तोंडी परीक्षेसाठी प्रबंधात एवढा मजकूर पुरेल, हवा तर तसाच उचला: 'मॉडेलचं शिकवणक्षेत्र नोंदींभोवतीची ५० किलोमीटरची वर्तुळं एकत्र करून ठरवलं. पश्चिमेला किनारा आणि पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे १५ किलोमीटर ही मर्यादा, विणीच्या हंगामात पक्ष्याला पोचता येईल असा मुलूख धरून, घातली. निकाल ठाणे ते पनवेल या आयतापुरते दाखवले आहेत. २५ आणि १०० किलोमीटरने पडणारा फरक परिशिष्टात दिला आहे.' बहुभुजाची फाइल सीडीत किंवा ड्राइव्हवर सोबत ठेवा, म्हणजे माझ्यासारखी पट्टी घेऊन बसायची वेळ येणार नाही.

त्याच परिशिष्टात नोंदींची यादी लावाल, तेव्हा घरट्यांचे अचूक अक्षांश-रेखांश छापू नका. पिक्सेलचा क्रमांक दिला तरी परीक्षकांचं काम भागतं. जूनमध्ये तंबूसारखे पडदे आणि हातभर लांब लेन्स घेऊन दरडीसमोर बसणाऱ्यांचं तेवढ्याने भागत नाही.